अकरा मातीचे पाट

बसायच्या वस्तूवर तुम्ही कुणाला बसू दिलं नाहीत, आणि मग कागदावर लिहिलंत की तिच्यावर कुणी बसलं नाही, सबब ती निरुपयोगी. एका मुलीची चार वर्षं तुम्ही ह्या एका वाक्यात बुडवलीत. तुमचं नाव मी लिहीत नाही. गरज नाही. वाचाल तेव्हा तुम्हाला कळेल, तुमच्या केबिनबाहेर ताटकळणाऱ्यांनाही कळेल.

मी गुरुदास. तुम्ही ज्या कलासंस्थेचे प्रमुख आहात, तिथल्या मातीकाम विभागाची भट्टी गेली चौदा वर्षं मी लावतो. माती चाळतो, मळतो, मुलांनी केलेलं भाजतो, फुटलेलं टाकून येतो. हजेरीपटावर माझ्या नावापुढे 'मदतनीस, कंत्राटी' एवढंच आहे. आमचं घर पिंगुळीच्या अलीकडे, कुंभाराचं. आज्याने मडकी केली, बापाने मडकी आणि गणपती केले. तेव्हा मातीबद्दल मी जे सांगेन ते ऐकीव नाही.

सुमय्या ही मेहबूबची मुलगी. मेहबूबची होडी आचऱ्याच्या खाडीत असते. त्याची बहीण वजीरा, म्हणजे सुमय्याची फुफी, मासळी बाजारात बसते. तिथे ओळीने अकरा जणी बसतात, प्रत्येकीची जागा ठरलेली, सासूनंतर सुनेला मिळणारी. खाली फरशी. पहाटेपासून फरशीवर बर्फाचं पाणी, मासळी धुतलेलं पाणी, वरून ओतलेलं पाणी. त्यात ह्या बायका दहा वाजेपर्यंत बसून मासे कापतात. कुणी थर्माकोलच्या तुकड्यावर, कुणी पालथ्या क्रेटवर, कुणी लाकडी पाटावर. लाकूड एका पावसात कुजतं. क्रेटची भोकं मांडीत रुततात. थर्माकोलचे दाणे सुटून बांगड्यांना चिकटतात आणि गिऱ्हाईक शिव्या घालतं. वजीराचा उजवा गुडघा गेलेला आहे. ती उठते तेव्हा एक हात फरशीवर, दुसरा शेजारणीच्या खांद्यावर.

शेवटच्या वर्षाला प्रकल्प असतो. ह्या वर्षी विभागात तीनच मुलं उरली होती. एकाने कासव केलं, एकाने जहाज केलं. दोन्ही बरी होती, दोन्ही पास झाली. सुमय्या जूनमध्ये माझ्याकडे आली आणि म्हणाली, "काका, बाजारातल्या बायांका बसाक मातीचो पाट केलो तर?"

बाजारातली अंगाने थोराड मथुरा आठवून मी हसलो. "मातीचो पाट? मथुरा एकदा बसली की भुगो."

"मगे जाड करूया. पोकळ पण जाड."

"आणि मथुरा?"

"मथुराकाकीक इचारून करूया."

तिने लगेच चित्र काढलं नाही. आठ दिवस सकाळी सहाला बाजारात जाऊन बसली. कोण कुठल्या बाजूवर भार टाकते, विळी कुठे धरते, उठताना कुठला हात टेकते, सगळं वहीत लिहिलं. मासे कापणारी बाई सपाट बसतच नाही. तिचा एक गुडघा वर असतो, दुसरा पाय दुमडलेला, सगळा भार एका बाजूला. चौदा वर्षं मी त्या बाजारातून मासळी आणतो, पण हे मी कधी बघितलं नव्हतं. तुम्ही तर तो बाजारच बघितलेला नाही.

मग मापं. माप टेपने घेतलं तर बाई ताठ बसते, खोटी बसते. म्हणून मी चार बोटं जाडीची ओली माती फळीवर थापून दिली, वर प्लास्टिक अंथरलं, आणि दहानंतर बाजार उठायच्या वेळी आम्ही ती घेऊन गेलो. नेहमीसारखं बसायचं, विळी धरायची, एक बांगडा कापायचा आणि उठायचं. एवढंच.

"मथुराकाकी, तू पयली बस."

मथुरा त्या ओळीतली सगळ्यात मोठ्या आवाजाची. "बसतंय गो. पण कपाळ माझां! ह्या वयात माझ्या ढुंगणाचो फोटो काढतत."

"फोटो नाय काकी, माप."

"माप कित्याक? झबलां शिवतंस?"

ती बसली. माती दबल्याचा आवाज आला. शेजारची यशोदा ओरडली, "गो सुमय्या, ह्या मापात आमी दोघी बसतलंव!"

"शिरा पडो तुझ्या तोंडार," मथुरा बसल्या जागेवरून म्हणाली. "तू बस मातीर. मातीक कळाचा पण नाय कोण बसला ता."

सगळा बाजार हसला. बर्फवाला हसला. एकामागून एक बसल्या. वजीरा मात्र उठेना. पुरुषांसमोर मातीत ठसा उमटवायचा, तिला लाज वाटली. मी चहा प्यायला निघून गेलो. परत आलो तेव्हा तिचा ठसा तयार होता. डावीकडे खोल खड्डा आणि उजवीकडे जवळजवळ कोरी माती. कुठल्याही डॉक्टरने न बघता सांगितलं असतं की ह्या बाईचा उजवा पाय कामाचा नाही.

पुढे चूक झाली, ती आमची, तीही सांगतो, नाहीतर म्हणाल फक्त तुमच्याच काढतो. माती वाळताना आकसते, भाजताना आणखी आकसते. आमच्या शेतातली माती शंभराला बारा आकसते. हे कुंभाराच्या पोराला सांगावं लागत नाही. पण मला वाटलं सुमय्याने धरलं असेल, तिला वाटलं काका सांगतील. पहिला पाट मथुराच्या ठशावरून जसाच्या तसा झाला, भाजला, बाजारात नेला. मथुरा बसली, पण सगळी मावेना.

"हो माझ्या सुनेचो पाट आसा. माझो खंय?"

"काकी, माती आकसली."

"माती आकसली, मी नाय. पुढच्या टायमाक मातीक सांग."

सुमय्या हसली नाही. परत येऊन तिने सगळं पहिल्यापासून मांडलं. लोक घरावर पत्रे घालतायत, जुनी मंगलोरी कौलं उकिरड्यावर पडलेली असतात. ती आणून आम्ही कुटली, त्याचा चुरा मातीत मिसळला. एक भाग चुरा, दोन भाग चुरा, तीन भाग चुरा, अशा पट्ट्या करून भाजल्या आणि मापल्या. आकसणं बारावरून साडेसातावर आलं आणि पाटाला ताकदही आली. मग प्रत्येक ठसा तेवढ्या हिशेबाने मोठा करून नवीन आकार काढले. बसायच्या जागेला पुढे उतार. मधोमध बोटभर आरपार भोक, म्हणजे वरचं पाणी खाली जाईल आणि पाट आतून पोकळ असल्यामुळे भाजताना आतली वाफ बाहेर येईल. वजीराच्या पाटाची मागची बाजू एवढी उचललेली की उठताना शरीर आपोआप पुढे कलावं.

हे सगळं वीस पानांच्या आराखड्यात होतं. एकोणिसाव्या पानावर तिने लिहिलं होतं: मूल्यमापन मासळी बाजारात, सकाळी साडेसहा ते दहा, प्रत्येक पाटावर ती ती बाई नेहमीचं काम करत बसेल, परीक्षकांनी पाहावं आणि विचारावं. सप्टेंबरात ते तुमच्यासमोर ठेवलं तेव्हा भाजलेल्या पट्ट्यांचा ट्रे धरून मी दारात उभा होतो.

तुम्ही विचारलंत, "म्हणजे गुण बायका देणार?"

ती म्हणाली, "गुण तुम्हीच द्या सर. बायका फक्त बसतील."

तुम्ही हसलात आणि प्रत्येक पानावर सही केलीत. एकोणिसाव्यावरसुद्धा.

ऑक्टोबर ते मार्च ती पोर माझ्या भट्टीपाशी होती. पहिल्या वेळी चार पाट तडकले, ते परत केले. थंडीत खाडीवरून धुकं येतं तेव्हा माती वाळत नाही, उन्हात ठेवली तर एका अंगाने वाळून वाकडी होते. म्हणून ती रोज दोन वेळा अकराही पाट फिरवायची, सुकत घातलेली मासळी फिरवतात तशी. त्या मुलीच्या हाताला ती सवय होतीच.

जानेवारीत तुमचं पत्र आलं. मातीकाम विभाग ह्या तुकडीनंतर बंद. नवे प्रवेश नाहीत, फेरपरीक्षा नाही. सुमय्याने ते फलकावर वाचलं आणि मला म्हणाली, "म्हणजे माका एकच उडी." गोव्यातल्या एका मातीकामाच्या कारखान्याने तिचं काम बघून जागा ठेवली होती. अट एक, पदविका पास झाल्याचा कागद. ह्या वेळी नापास म्हणजे कायमची नापास, कारण परत बसायला विभागच उरणार नव्हता. हे तिला माहीत होतं, मला होतं, आणि पत्रावर सही तुमचीच असल्यामुळे तुम्हालाही होतं.

एप्रिलात, परीक्षेच्या दोन दिवस आधी, तुम्ही भट्टीच्या शेडमध्ये आलात. सोबत फोटो काढणारा माणूस. कुणी मोठे पाहुणे येणार, त्यांना विद्यार्थ्यांचं काम दाखवायचं. अकरा पाट ओळीने जमिनीवर होते. तुम्ही वाकून बघितलंत.

"हे काय? हे तर कमोडसारखं दिसतंय."

"सर, ते पाणी जायला आहे," सुमय्या म्हणाली.

"कमोडचंही तेच असतं."

फोटोवाला हसला. त्याने एक पाट उचलला आणि कडेवर उभा केला. उन्हात तो उतार वरून खाली वळत गेलेला दिसला. "सर, असं बघा. लाट वाटते."

तुम्ही दोन पावलं मागे गेलात. "व्वा. ही झाली कला."

"सर, त्याची ती बाजू खाली असते."

"अगं, तू कलाकार आहेस की सुतार? ठरव."

"सर, हे बाजारात न्यायचं ठरलंय. पान एकोणीस."

"पाहुण्यांना मी त्या वासात नेऊ? सभागृहात लावा सगळं. पांढऱ्या चौथऱ्यांवर, असंच उभं."

असंच उभं. खुर्च्या काढून सभागृहात अकरा चौथरे लावले गेले. त्यांवर अकरा पाट कडेवर उभे, मागून तारेने बांधलेले, पुढे छापील पाट्या: कृपया स्पर्श करू नये. ती तार मी बांधली. तुम्ही सांगितलंत, मी बांधली. सुमय्या पक्कड हातात देत होती. शेवटचा पाट वजीराचा होता. तो उभा राहीना. त्याचा तोलच तसा केलेला होता, बसलेल्या माणसाला उठवायचा. त्याला मी दुहेरी तार घातली.

परीक्षेच्या दिवशी वेळ होती दहा ते एक आणि दोन ते चार. बायकांना जागा बदलल्याचा निरोप गेला होता. बाजार लवकर उरकून त्या टेम्पोने आल्या. अकरांतल्या दहा. अकरावी नाझनीन लेकीच्या बाळंतपणाला रत्नागिरीला गेली होती. फाटकावर चौकीदाराने अडवलं. वास येतो म्हणाला.

"येतलोच," मथुरा म्हणाली. "आमी काय अत्तराची दुकानां घालतो? तुज्या जेवणात काल काय होता, ता सांग आदी."

"काकी, माका वरसून सांगितलाहा."

"वरसून पाऊस पडता. माणसा पडनत नाय. वरचो खंय बसता ता दाखय."

शेवटी त्या कुंपणाच्या आत, काजूखाली, रिकाम्या टोपल्या पालथ्या घालून बसल्या.

आत मी मागच्या भिंतीला उभा होतो. तुम्ही, बाहेरून आलेल्या परीक्षक बाई आणि आणखी एक गृहस्थ, तिघं टेबलापाशी. परीक्षक बाईंनी आराखडा सगळा वाचला, आकसण्याचं कोष्टक दोनदा बघितलं. तुम्ही पानं उलटलीत.

"तुझ्या आराखड्यात उपयुक्ततेवर एवढा भर आहे," तुम्ही म्हणालात. "ती सिद्ध कशी करशील?"

"सर, त्या बाहेर बसल्यात. बोलावू?"

"इथे बाजार भरवायचा नाही."

"मग पाट बाहेर नेऊ का? दहा मिनिटं फक्त."

"मांडणी मोडायची नाही. पाहुणे चारला येतायत. जे आहे त्यावरून सांग."

जे होतं त्यावरून ती काय सांगणार? कडेवर उभ्या पाटाकडे बोट दाखवून ती सांगत राहिली, इथे मांडी येते, इथून पाणी जातं. मानेला कळ लागेपर्यंत तुम्ही डोकं तिरकं करून बघत होतात. एक वाजला. सगळे जेवायला गेले.

त्यानंतरचं मी केलं. सुमय्याला विचारलं नाही. मातीची पोती ज्या मागच्या दाराने येतात ते उघडलं आणि काजूखाली जाऊन म्हटलं, "चला."

मी पक्कडीने तारा तोडत गेलो आणि त्या पाट उतरवत गेल्या. पाटांच्या खाली आकडे कोरलेले होते, पण वाचतं कोण. त्या बसून शोधत होत्या.

"हो माझो नाय. टोचता."

"हंयसर दी. हां. हो माझो."

"गो मथुरे, उठ, तू माझ्यार बसलंस!"

"दिसाक लागला काय तुझां नाव थंय? थांब, माझो मोठो आसतलो. खंय आसा रे गुरुदास, मोठो?"

पाच मिनिटांत प्रत्येकीला आपापला मिळाला. दहा बायका सभागृहाच्या मधोमध बाजाराच्या ओळीत बसल्या. कुणी सांगितलं नव्हतं, तरी जागा त्याच, शेजार तोच. नाझनीनचा पाट त्यांनी तिच्या जागी रिकामा मांडला. सुमय्या भिंतीशी टेकून उभी होती, दोन्ही हात तोंडावर.

मग वजीरा उठली. दोन्ही हात मांडीवर होते. फरशीवर टेकले नाहीत, खांद्यावर टेकले नाहीत. ती उभी राहिली, खाली पाटाकडे बघितलं, परत बसली, आणि परत उठली.

 

परीक्षक बाई चष्मा विसरल्या होत्या, तो घ्यायला परत आल्या आणि दारातच थांबल्या. मग आत येऊन वजीराच्या समोर उकिडव्या बसल्या. "दुखतं का?"

"दुकता," वजीरा म्हणाली. "पण उठाक येता."

बाईंनी वही काढली आणि एकेकीला विचारायला लागल्या. पाणी साचतं का, कड लागते का, उचलायला जड होतो का. मथुराने सांगितलं, जड आसा, पण चोर नेवचो नाय. बाईंनी तेही लिहिलं.

आणि तुम्ही आलात. कानाला फोन. पाहुण्यांची गाडी कणकवलीला पोचली की नाही, जेवण कुठे, हार किती, असं काहीतरी चाललं होतं. फोनवर बोलणाऱ्याला समोरचं दिसत नाही. टेबलामागच्या तीन खुर्च्या पार पलीकडच्या टोकाला, बाकी सभागृहात खुर्ची नव्हती, तुम्हीच काढायला लावल्या होत्या. तुम्ही दमला होतात. समोर ओळीत एक रिकामी जागा होती. तुम्ही बसलात. नाझनीनच्या पाटावर.

भिंतीवर घड्याळ आहे. एक वाजून बावीस मिनिटं झाली होती. तुम्ही बोलत होतात. एक पाय दुमडलात, दुसऱ्याचा गुडघा वर घेतलात, त्यावर कोपर टेकलंत. त्या पाटावर दुसरं कसं बसताच येत नाही. सुटाबुटातला माणूस मासे कापायला बसल्यासारखा बसला होता आणि त्याला ते कळलं नव्हतं.

मथुरा वाकून म्हणाली, "साहेबानू, कसा वाटता?"

तुम्ही फोनवर हात ठेवून म्हणालात, "छान, छान." आणि परत फोनवर.

"नाझनीनीक सांगतंय," मथुरा म्हणाली. "तुजो पाट साहेबांनी ऊन करून ठेवल्यानी."

दहाही जणी हसत सुटल्या. परीक्षक बाई हसल्या. तेव्हा तुम्ही खाली बघितलंत. घड्याळात एक एकतीस झाले होते. तुम्ही उठलात, हात न टेकता उठलात, तेही मी बघितलं.

"ह्यांना आत कुणी घेतलं?"

"मी घेतलं," मी म्हटलं.

"बाहेर काढ. आणि हे सगळं होतं तसं लाव. दोनच्या आत."

बायका गेल्या. मी परत पाट चौथऱ्यांवर चढवले, परत तार बांधली. दोन वाजता तुम्ही टेबलापाशी बसलात. चार वाजता पाहुणे आले, फोटो झाले. पाहुण्यांनी लाट ओळखली म्हणे.

दुसऱ्या दिवशी कार्यालयातली किशोरी माझ्याकडे टंकलेला कागद घेऊन आली. त्यावर एकच वाक्य होतं: मूल्यमापनाच्या वेळेत सदर आसनांचा कोणीही वापर केला नाही, हे मी उपस्थित राहून प्रत्यक्ष पाहिले आहे. खाली माझं नाव.

"ह्यां कित्याक?"

"बायका आत घेतल्याची चौकशी लागू नये म्हणून, असं साहेब म्हणाले. तुमच्या फायद्याचं आहे." मग हळूच, "काका, तुमच्या कंत्राटाची फाईलपण त्यांच्याच टेबलावर आहे. मी आपलं सांगून ठेवते."

मी कागद दोनदा वाचला. वाक्य खरं होतं. वेळ दहा ते एक आणि दोन ते चार. एक ते दोन जेवणाची सुट्टी. सुट्टीत जे झालं ते वेळेत झालं नाही. मी सही केली. हा कागद कुठे जाईल ते मला माहीत नव्हतं, असं मी पुढचे आठ दिवस स्वतःला सांगत होतो.

आठव्या दिवशी निकाल लागला. सुमय्या, अनुत्तीर्ण. शेरा: प्रकल्पाची उपयुक्तता सिद्ध झाली नाही, जबाब सोबत जोडला आहे. जबाब माझा.

दुसऱ्या दिवशी ती भट्टीपाशी आली. मी राख काढत होतो. भट्टी थंड होती, आता त्यात भाजायला काही येणार नव्हतं, पण सवय. तिने कागद पुढे केला.

"काका, ही सही तुमची?"

"माजी."

"वाचून केल्यात?"

"वाचून."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. रडली असती तरी चाललं असतं.

"मगे ह्या वाक्यात चूक खंय आसा ती तरी माका दाखवा," ती म्हणाली. "मी कालपासून शोधतंय. माका गावाक नाय."

ती कागद घडी करून घेऊन गेली. तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही. बाजारात समोरून गेलो तर ती मासळीकडे बघते. मथुरा माझ्याशी बोलते, पण ते बोलणं इथे लिहिण्यासारखं नाही. सगळा बाजार ऐकतो. ऐकावं लागतं मला.

मी तुमच्या केबिनमध्ये आलो होतो, आठवत असेल. म्हटलं, माझी सही परत घ्या, मी नवीन जबाब देतो. तुम्ही चष्मा काढून पुसलात. म्हणालात, "गुरुदास, मला वैयक्तिक काही नाही. मुलगी हुशार आहे. पण नियम आहे. जेवणाच्या सुट्टीतलं मी कसं धरू?"

मी म्हटलं, "बाजारातलं धरा. पान एकोणीस. तुमची सही आहे."

"तो आराखडा होता," तुम्ही म्हणालात. "आराखडा म्हणजे काम नव्हे."

परीक्षक बाईंना मी फोन केला. त्या म्हणाल्या, मी माझं मत त्याच दिवशी वेगळ्या कागदावर लिहून दिलं आहे, बायकांची नावं आणि उत्तरं सगळी, तो कागद तुमच्या साहेबांकडे आहे. तो कागद निकालाला जोडलेला नाही. माझा तेवढा जोडला.

आज परिस्थिती अशी. पाच पाट पाहुण्यांच्या विश्रामगृहात गेले, तिथेही उभेच आहेत. सहा भांडारात, कुलपात. बायका क्रेटवर बसतात. वजीरा एक हात फरशीवर आणि एक शेजारणीच्या खांद्यावर टेकून उठते. गोव्याच्या कारखान्याने जूनअखेरपर्यंत जागा धरून ठेवतो म्हणून कळवलं आहे, त्यापुढे नाही. मेहबूब मला म्हणाला, "गुरुदास, तुझ्यार माजो राग नाय. पण तिच्या हाताक काम व्हया. ता तू देशीत?" मी देऊ शकत नाही. तुम्ही देऊ शकता. एक शेरा खोडायला तुम्हाला एक मिनिट लागेल.

कंत्राट काढून घ्यायचं तर घ्या. बायका आत घेतल्याची चौकशी लावायची तर लावा, मी सगळं कबूल करीन. माझा आधीचा जबाब मी मागे घेतो आणि हा देतो: एक ते दोनच्या दरम्यान सभागृहात दहा बायका दहा पाटांवर बसल्या. अकराव्यावर एक वाजून बावीस मिनिटांनी तुम्ही बसलात आणि एक वाजून एकतीस मिनिटांनी उठलात. तुम्हाला कसं वाटतं असं विचारलं तेव्हा तुम्ही दोनदा 'छान' म्हणालात. साक्षीदार परीक्षक बाई, दहा बायका, सुमय्या आणि मी.

आता तुम्ही सांगा. गोलमाल नको, नियम नको, वेळेचं कोष्टक नको. परीक्षक बाईंचा कागद कुठे आहे? आणि तुम्ही नऊ मिनिटं ज्यावर बसलात तो पाट उपयोगाचा होता की नव्हता? हो की नाही, एवढंच, तुमच्या हाताने लिहून, खाली सही करून, जून संपायच्या आत सुमय्याच्या घरी पाठवा.